च्युई चॉकलेट चिप कुकीज: कच्च्या दिसत असतानाच बाहेर काढा

मधोमध मऊ, तोडताना जराशी ताणली जाणारी आणि फक्त कडेला कुरकुरीत अशी चॉकलेट चिप कुकी हवी असेल, तर ती ओव्हनमधून काढताना कच्ची दिसायला हवी. नवख्यांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. आपला हात खुसखुशीतपणावर बसलेला असतो. शंकरपाळी, करंजी, नानकटाई, सगळीकडे कौतुक होतं ते तोंडात टाकताच विरघळण्याचं. त्यामुळे ट्रेमध्ये फिकट, फुगलेली, बोट लावलं तर दबणारी कुकी दिसली की "राहू दे अजून पाच मिनिटं" हे आपोआप तोंडून निघतं. त्या पाच मिनिटांत कुकीचं बिस्किट होतं.

बिस्किटात वाईट काही नाही. ही कुकी मुळात जन्मली तीच कुरकुरीत. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी 'टोल हाऊस इन' चालवणाऱ्या रूथ वेकफिल्ड यांनी नेस्लेच्या चॉकलेटचे तुकडे घालून जी कुकी केली, तिच्या नावातच 'क्रंच' हा शब्द होता. आकाराने छोटी, पातळ, कडक. तळहाताएवढी जाड आणि मऊ कुकी ही नंतरची आवड. म्हणजे कुकी कुरकुरीत झाली तर काही बिघडलं असं नाही, पण च्युई हवी असेल तर ती आपोआप होत नाही, मुद्दाम करावी लागते.

मुद्दाम काय करायचं ते नानकटाईच्या उलट जाऊन पाहिलं की पटकन कळतं. नानकटाईत तूप असतं, आणि तुपात पाणी जवळपास नसतंच. तूप मैद्याच्या कणाकणाला लागतं, पाणी नसल्यामुळे ग्लुटेनचे, म्हणजे मैदा भिजल्यावर तयार होणाऱ्या चिवट प्रथिनाचे, धागे तयार होत नाहीत, आणि तोंडात घास भुगा होऊन विरघळतो. कडकडीत मोहन घालतो तेही याचसाठी. च्युई कुकीला थोडे धागे हवे असतात आणि आत ओलावा टिकायला हवा असतो. म्हणून तुपाऐवजी बटर, पांढऱ्या साखरेपेक्षा ब्राउन शुगर जास्त, एक अंडं, आणि भट्टीत कमी वेळ. बाकी सगळा तपशील याच चार गोष्टींचा.

सामान (साधारण १२ मोठ्या कुकीज)

मैदा १६० ग्रॅम
खायचा सोडा, मापाच्या छोट्या चमच्याने अर्धा चमचा
मीठ घातलेलं बटर १०० ग्रॅम, म्हणजे दुकानातलं छोटं पाकीट
ब्राउन शुगर १०० ग्रॅम
साधी साखर ५० ग्रॅम
अंडं १
व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा
डार्क चॉकलेट १३० ते १५० ग्रॅम
वरून भुरभुरायला चिमूटभर मीठ, आवडत असेल तर

मापं ग्रॅममध्ये दिली आहेत आणि माझा याबाबतीत हट्ट आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा ओव्हनपेक्षा आधी घ्यावा. मैद्याचा एक कप हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास बसतो, डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत सहज जातो. भाजीत मूठभर डाळ जास्त पडली तर भाजी भागते, इथे ३० ग्रॅम मैदा जास्त पडला तर कुकी पसरतच नाही, लाडवासारखी बसून राहते.

आता जिन्नसांबद्दल थोडं. अमेरिकन कृती जशीच्या तशी उचलली की ती आपल्याकडे फसते, आणि त्यात सहसा दोष करणाऱ्याचा नसतो, सामान वेगळं असतं.

साखरेपासून सुरुवात करू, कारण खरी गोम तिथे आहे. अमेरिकन कृतीतली ब्राउन शुगर म्हणजे मळी चोळलेली बारीक साखर. मुठीत दाबली तर ओल्या वाळूसारखा मुटका होतो. आपल्याकडे ब्राउन शुगर म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं डेमेरारा असतं, कोरडे, चकचकीत, मोठे दाणे. रंग तपकिरी, पण ओलावा नाही. चहात घालायला ठीक, कुकीत उपयोग कमी. पाकीट दाबून पाहा: खुळखुळलं तर डेमेरारा, दबून तसंच राहिलं तर हवी ती.

मिळाली नाही तर घरच्या घरी करता येते, आणि त्यासाठी लागणारी वस्तू कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत डब्यातच असते: काकवी. ८५ ग्रॅम साखर मिक्सरमधून दोनदा नुसती फिरवून घ्या (पिठीसाखर नको, फक्त दाणा मोडायचा) आणि त्यात मोठा चमचाभर काकवी बोटांनी चोळा. रंग एकसारखा झाला की झाली ब्राउन शुगर. काकवी चालण्यामागे कारण आहे. साधी साखर गरम असताना विरघळते आणि गार होताना पुन्हा तिचे खडे धरू लागतात, कुकीचा कुरकुरीतपणा बराचसा त्यातून येतो. काकवीतल्या साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असतो, तो खडे धरायला अडथळा करतो आणि ओलावा सोडत नाही. शिवाय काकवी थोडी आंबट असते, त्यामुळे सोड्याला काम मिळतं. गूळ पावडरही चालते, पण मग चव गुळाची लागते आणि ती चॉकलेटच्या वर चढते. मला तो प्रकार आवडतो, घरातल्या सगळ्यांना आवडेलच असं नाही.

साधी साखरही आपल्याकडे जाड दाण्याची असते. ती न फिरवता घातली तर बटरमध्ये विरघळत नाही आणि भाजलेल्या कुकीत कचकचते. तिलाही मिक्सरचा एक फेरा द्या.

बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि पंधरा-सोळा टक्के पाणी असतं. हे पाणीच मैद्यातले धागे जागे करतं, म्हणून बटर मऊ करून फेसण्याऐवजी वितळवून घ्यायचं. फेसलं की हवा भरते आणि कुकी केककडे झुकते. मिठाच्या बटरच्या १०० ग्रॅममध्ये दोनेक ग्रॅम मीठ आधीच असतं, पिठात वेगळं घालू नका. बिनमिठाचं बटर असेल (दुकानात बहुधा कुकिंग बटर म्हणून मिळतं) तर पाव चमचा मीठ घाला. घरचं लोणी पहिल्या खेपेला नको. त्यात पाणी किती राहिलंय ते हातावर असतं, दर वेळी वेगळं.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हात बसला की बटर नुसतं वितळवून न थांबता मंद आचेवर पुढे न्या. तूप कढवताना बेरी गुलाबी होऊ लागते आणि घरभर वास सुटतो, बरोबर त्या क्षणी गॅस बंद. गाळायचं नाही, बेरीसकट वापरायचं. कुकीला खमंगपणा येतो तो या बेरीतून. फक्त त्यात पाणी उडून गेलेलं असतं, तेव्हा मोठा चमचाभर पाणी परत घालायचं, नाहीतर फिरून नानकटाईकडे प्रवास सुरू.

चॉकलेट विकत घेताना पाकीट उलटं करून घटक वाचा. त्यात कोको बटर असेल तर ते चॉकलेट. कोको पावडर आणि वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट असेल तर ते कंपाउंड, जे केकवर ओतायला सोयीचं पडतं, पण कुकीत टाळूला मेणासारखं चिकटतं. तयार चिप्समध्ये कोको बटर मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, कारण भट्टीत त्यांचा आकार टिकायला हवा. म्हणून मी चिप्स घेतच नाही. ५० ते ५५ टक्क्यांची डार्क चॉकलेटची वडी घेऊन सुरीने चिरते. लहानमोठे तुकडे होतात, थोडा भुगा पडतो. मोठ्या तुकड्यांची कुकीत तळी होतात, भुगा पिठात रेघोट्या सोडतो. मिल्क चॉकलेट घातलं तर सगळंच गोड होतं, कारण साखर आधीच भरपूर आहे आणि ती कमी करायची सोय नाही. ती फक्त गोडीसाठी नाही, ओलावा धरून ठेवायलाही आहे. "आम्ही गोड कमी खातो" म्हणून साखर निम्मी केली तर हाती येतो फिक्या चवीचा पाव. कुकी लहान करा, साखर नको.

सोडा आणि बेकिंग पावडर एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सोड्याने कुकी पसरते आणि रंग चांगला धरते, बेकिंग पावडरने ती फुगते. सोडा अर्ध्या चमच्याच्या वर गेला की साबणासारखी चव लागते. डब्यातला सोडा कधीचा आहे आठवत नसेल तर चमचाभर व्हिनेगरवर चिमूट टाका, जोरात फसफसला पाहिजे.

कृती

बटर वितळवून कोमट होऊ द्या. बोट घातलं तर सहज सहन व्हायला हवं. गरम बटरमध्ये अंडं घातलं तर त्याची बुर्जी होते, आणि थोडं जरी कढत असेल तरी पीठ सैल होऊन कुकी पसरते. त्यात दोन्ही साखरा घालून हाताच्या विस्कने मिनिटभर ढवळा. मिश्रण रवाळ आणि थोडं फुटल्यासारखं दिसेल, बटर कडेने वेगळं सुटेल. घाबरू नका. अंडं (फ्रिजमधून अर्धा तास आधी काढलेलं) आणि इसेन्स घालून पुन्हा फेटा.

आता विस्क बाजूला ठेवून तीन मिनिटं थांबा. मग अर्धा मिनिट फेटा. पुन्हा थांबा, पुन्हा फेटा. असं तीनदा. या थांबण्यात साखर अंड्याच्या पाण्यात विरघळत असते. शेवटच्या खेपेला मिश्रण घट्ट होऊन सॅटिनसारखं चमकू लागतं आणि विस्क उचलल्यावर जाड पट्टीने खाली पडतं. भाजल्यावर कुकीला वरून जो पातळ, तडकलेला, चमकदार पापुद्रा येतो तो इथे ठरतो.

मैदा आणि सोडा एकत्र चाळून यात घाला. विस्क ठेवून द्या, उलथणं किंवा स्पॅच्युला घ्या. कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंत वरखाली करा आणि तिथेच थांबा. पोळ्यांची कणीक तिंबायची सवय असलेल्या हाताला हे जड जातं, पण धागे थोडेच हवे आहेत. जास्त मळलं की कुकी मऊ न राहता चामट होते. चॉकलेटचे तुकडे घाला, मूठभर मागे ठेवा.

पीठ या वेळी सैल वाटतं. वरून मैदा ढकलायचा मोह होतो, तो आवरा. झाकण घालून फ्रिजमध्ये ठेवा. तासभर तरी, जमलं तर रात्रभर. थंड बटर भट्टीत उशिरा वितळतं, म्हणून कुकी जाड राहते हे एक. दुसरं असं की इतक्या वेळात मैदा अंड्यातलं पाणी नीट पितो, आणि चव मुरते. रात्रभर ठेवलेल्या पिठाची कुकी रंगाने गडद आणि चवीला टॉफीकडे झुकणारी होते. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात करत असाल तर ही पायरी गाळण्याचा विचारही करू नका. ओट्यावर दहा मिनिटांत पीठ पाघळतं.

फ्रिजमधून काढलेलं पीठ दगडासारखं असेल तर दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. पन्नास-पन्नास ग्रॅमचे गोळे करा, मोठ्या लिंबाएवढे. ते तळहातावर गुळगुळीत वळायचे नाहीत. ओबडधोबडच ठेवा आणि दाबून चपटे करू नका, उभट असतील तर उत्तम. मागे ठेवलेले चॉकलेटचे तुकडे वरून टोचा.

भट्टी

ओटीजी असेल तर वरखाली दोन्ही रॉड चालू ठेवून १७५ अंश सेल्सिअसवर पंधरा-वीस मिनिटं तापवा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला, यावर फार विसंबू नका. घरगुती ओटीजीचा काटा आणि आतलं खरं तापमान यांत वीस-वीस अंशांचा फरक सहज निघतो. आत टांगायचं छोटं ओव्हन थर्मामीटर स्वस्तात मिळतं, ते घेतलं की निम्मे वैताग संपतात. ट्रे मधल्या खाचेत. ओटीजीसोबत येणारा काळा ट्रे खालून लवकर करपवतो, त्याखाली आणखी एक ट्रे ठेवला की ताप सौम्य होतो. ट्रेवर बटर पेपर घाला, तूप-तेल लावू नका. चोपडलेल्या ट्रेवर कुकी घसरत पसरते.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा असतो आणि तो कुकी वाळवतो, म्हणून १६० ते १६५ अंश पुरे. मोड कन्व्हेक्शनचाच आहे ना ते दोनदा बघा, नुसत्या मायक्रोवेव्हवर ही कुकी होत नाही आणि धातूचा ट्रे तर त्यात जायलाच नको. गॅसवर कढईत मीठ घालूनही कुकी भाजता येते, पण तापमान हातात राहत नाही, वरून रंग येत नाही आणि येईपर्यंत तळ जळतो. कढईत नानकटाई करावी.

सगळा ट्रे भरण्याआधी एकच गोळा भाजून बघा. अनारशांचं पीठ झाल्यावर आधी एक तळून बघतो, तसंच. तो तुपात हसला तर पिठात काही कमीजास्त करता येतं, सगळे थापून झाल्यावर नाही. कुकी हसली, म्हणजे पातळ पसरून तिची जाळी झाली, तर उरलेल्या पिठात एक-दोन चमचे मैदा मिसळा आणि पीठ आणखी थंड करा. अजिबात पसरली नाही तर पुढचे गोळे थोडे चपटे करून ठेवा. या एका कुकीवरून तुमच्या भट्टीला नेमकी किती मिनिटं लागतात तेही कळतं, आणि ती मिनिटं कुठल्याही कृतीत लिहिलेली नसतात.

मग ट्रेवर चार-चार बोटं अंतर सोडून सहा गोळे. दहाव्या मिनिटापासून काचेतून पाहायला लागा, दार उघडू नका. साधारण अकरा ते तेरा मिनिटांत कडा सोनेरी होऊन बसतात, बोटभर रुंदीची कड मॅट दिसते आणि मधला भाग अजून फुगीर, फिकट, ओलसर चमकणारा असतो. हाच क्षण. काढा. मन मानत नसलं तरी काढा.

बाहेर काढल्यावर मधला भाग खाली बसतो आणि सुरकुत्या पडतात, ते हवंच आहे. आकार वेडावाकडा झाला असेल तर कुकीपेक्षा मोठी वाटी तिच्यावर उपडी ठेवून लगेच गोल गोल फिरवा, कडा आत येऊन कुकी गोल होते. हे पहिल्या मिनिटातच जमतं. वरून मिठाचे कण भुरभुरा. आणि आता कुकीला हात लावू नका. गरम ट्रेवर ती आठ-दहा मिनिटं शिजतच राहते, कच्चं दिसणारं पोट तिथेच तयार होतं. लगेच उचललीत तर दुमडून तुटेल. नंतर जाळीवर. पूर्ण गार झाल्यावर जी लवचीकता येते ती कोमट असताना कळत नाही, तरीही पहिली कुकी कोमटच संपते हा सगळ्या घरांतला अनुभव.

दुसरी फेरी गरम ट्रेवर लावू नका. ट्रे नळाखाली थंड करून, पुसून घ्या आणि तोवर गोळे फ्रिजमध्येच असू द्या.

बिघडलं तर

कुकी गार झाल्यावर कडक झाली असेल तर जास्त भाजली, पुढच्या वेळी दोन मिनिटं आधी काढा. केकसारखी फुगली तर बेकिंग पावडर गेली असेल किंवा मैदा जास्त. तळाला बटर सुटून तेलकट झाली तर बटर गरम असताना मैदा घातला. कड जळाली आणि पोट खरंच कच्चं राहिलं, म्हणजे बोटाला पीठ चिकटतंय, तर ताप जास्त आहे, दहा अंशांनी उतरवा. आणि हो, कच्चं पीठ चाटायला मुलांना देऊ नका, त्यात कच्चं अंडं आणि कच्चा मैदा दोन्ही असतात.

अंडं खात नसाल तर त्याऐवजी तीन मोठे चमचे दूध, एक मोठा चमचा दूध पावडर आणि एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर एकत्र करून घाला. कुकी छान मऊ होते. बलकामुळे येणारा ताण मात्र येत नाही, आणि "अगदी तशीच लागते" असं मी तरी म्हणणार नाही. तीनदा फेटण्याची पायरी याही वेळी करा, आणि इथे काकवीची ब्राउन शुगर जास्त कामाला येते.

कुकीज पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, हवाबंद डब्यात तीन-चार दिवस चांगल्या राहतात. कोरड्या हवेत डब्यात पावाची एक स्लाइस ठेवली तर ती वाळते आणि कुकी मऊ राहते. पावसाळ्यात स्लाइसची गरज नाही, तेव्हा प्रश्न उलटा असतो, कडा सादळतात. अशा कुकीज १५० अंशांवर तीन-चार मिनिटं गरम केल्या की कड परत येते.

सगळ्या एकदम भाजायलाच हव्यात असं नाही. गोळे ताटलीत सुटे ठेवून फ्रीझरमध्ये गोठवा, कडक झाले की पिशवीत भरून तारीख लिहा, महिना-दोन महिने टिकतात. हवे तेव्हा दोन काढायचे, वितळू न देता तसेच थेट भट्टीत, ताप १६५ अंशांवर आणि वेळ दोन-तीन मिनिटं जास्त.